‘निदान’ लिहून आणा, मग बघू

बुद्ध्यांक चाचणी कुठे होते, तिथे किती रांग असते, हे सगळे विचारतात. माझ्या लेकीच्या बाबतीत ते सहज झालं. पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला, बिने-कामत चाचणी झाली, बुद्ध्यांक १३०च्या वर आला, म्हणजे खूपच हुशार. अडलं ते शाळेच्या ऑफिसात.

लेक तिसरीत. वाचन पाचवीच्या पुढचं, पण रस्त्यावर झाड तोडताना दिसलं की हमसून रडणार, वर्गातही तेच. मागणी एवढीच होती की अशा वेळी तिला पाच मिनिटं लायब्ररीत बसू द्या. त्यासाठी फॉर्म. फॉर्मात ‘निदान’ असा रकाना आणि पुढे चौकटी: अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), स्वमग्नता, इतर.

मी ‘इतर’वर खूण केली. ऑफिसातल्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “इतर म्हणजे काय?”

“हुशार आहे, फार हळवी आहे. रिपोर्टात लिहिलंय.”

“ते निदान नाही ना! डॉक्टरांकडून लिहून आणा.”

डॉक्टर म्हणाल्या, “नसलेला आजार कसा लिहू?” त्यांचंही बरोबरच. परत शाळेत गेले, तर मॅडम रजेवर. मग युनिट टेस्ट, मग गॅदरिंग. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी ही संस्था १९६२पासून अशा हुशार मुलांसाठी काम करतेय आणि आमच्या फॉर्मात अजून एक चौकट निघत नाही! संताप नुसता.

शेवटी डॉक्टरांनीच मार्ग काढला. निदान वगैरे काही नाही, लेटरहेडवर मुख्याध्यापिकांच्या नावे तीन ओळींची शिफारस: वर्गात काय सोय हवी आणि का. मुख्याध्यापिका बाईंनी उभ्याउभ्या सही केली. तेव्हा रिपोर्ट घेतानाच हे पत्र मागून घ्या आणि थेट मुख्याध्यापकांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

घरी एक गोष्ट उपयोगी पडली. रडू चालू असताना समजावायचं नाही, गार पाणी द्यायचं आणि गप्प शेजारी बसायचं. नंतर विचारायचं, किती मोठं होतं? तिने स्वतःच माप काढलंय: ‘दुपारची बोरिवली स्लो’ म्हणजे थोडंसं, ‘संध्याकाळची विरार फास्ट’ म्हणजे हाताबाहेर. विरार फास्टच्या दिवशी गृहपाठाचं नावही काढत नाही आम्ही.

आणि हो, चाचणीला सकाळची वेळ मागा, पोटभर खाऊन न्या. नेटवरचे प्रश्न सोडवून घेऊ नका, आकडा फुगतो आणि रिपोर्ट कुचकामी ठरतो.