मॉलीच्या ओठावरचा ‘कापूस’: तीन आठवड्यांची नोंद

पहिला दिवस. सकाळी घरच्या फिश टँकमध्ये खाणं टाकताना एका काळ्या मॉली माशाच्या वरच्या ओठावर पांढरट कड दिसली. बुरशी असणार असं धरून चाललो. पाण्यात मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं निळं औषध टाकलं आणि व्हाइट स्पॉटच्या (माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवी रोगाच्या) वेळी लागलेल्या सवयीने हीटर २६ अंशांवरून ३० वर नेला. संध्याकाळी तिने खाणं तोंडात घेतलं आणि परत टाकलं.

दुसरा दिवस. ती गेली. आणखी दोघींचे ओठ पांढरे पडले होते, आणि एकीच्या पाठीवर, वरच्या पराच्या बुडाशी, फिकट करडा पट्टा दिसला. घोड्यावर खोगीर टाकावं तसा दोन्ही बाजूंना उतरलेला. बुरशी निरोगी माशांवर एका रात्रीत अशी पसरत नाही. इथे मी थांबलो.

मेलेल्या मॉलीच्या ओठावरचा थोडा भाग खरवडून, टँकच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिला. १०० पटीत फारसं काही कळलं नाही. ४०० पटीत बारीक लांबट काड्या दिसल्या, सरपटल्यासारख्या हळूहळू पुढे जाणाऱ्या. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच काड्या कातडीच्या तुकड्याच्या कडेला गोळा होऊन गवताच्या गंजीसारखे ढीग रचू लागल्या. ही कॉलम्नॅरिस या रोगाची खूण; त्याचं नाव या स्तंभांसारख्या ढिगांवरूनच पडलं. १९२२ मध्ये डेव्हिस यांनी मिसिसिपी नदीतल्या माशांवर या रोगाचं वर्णन केलं होतं. हा बॅक्टेरिया आहे, फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर; बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. आणि त्याला ऊब मानवते. हीटर वाढवून मी रोगालाच बळ दिलं होतं. त्या मॉलीचं मला फार वाईट वाटतं.

तिसरा दिवस. आजारी दोघींना वीस लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये हलवलं. दर लिटरला २ ग्रॅम मीठ, म्हणजे एकूण ४० ग्रॅम, तीन वेळा थोडं थोडं विरघळवून घातलं. मॉलीला मीठ चालतं. मीठ कमी सोसणारे कोरिडोरास मासे असते तर एवढं घातलं नसतं. तापमान दिवसभरात सावकाश २४ वर आणलं आणि एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) पूर्ण जोराने चालू केला, कारण हा रोग कल्ल्यांतही शिरतो आणि मासा आतून गुदमरतो. पशुवैद्यांना विचारून कानामायसिन आणि नायट्रोफ्युराझोन ही बॅक्टेरियावरची औषधं सुरू केली. त्याआधी फिल्टरमधला कार्बन काढला, नाहीतर तोच औषध शोषून घेतो.

मोठ्या टँकचं ४० टक्के पाणी बदललं, तिथलंही तापमान हळूहळू खाली आणलं. पाणी तपासलं: अमोनिया शून्य, पण माशांना तसंच विषारी असलेलं नायट्राइट मात्र ०.२५. दोन आठवड्यांपूर्वी एकदम सहा मासे आणून क्वारंटाइनशिवाय सोडले होते. मूळ कारण तेच असावं असं माझं मत आहे.

सहावा दिवस. खोगीरवाली वाचली नाही. कल्ले आधीच फिके आणि कडेला झिजलेले होते. दुसरीच्या ओठाची पांढरी कड कमी झाली. ओठ थोडा तुटका राहिला आहे, पण खाते.

दहावा दिवस. योगायोगाने खऱ्या बुरशीचीही गाठ पडली. दुसऱ्या टँकमधल्या एंजल माशाची कूस दगडाला घासून खरचटली होती, त्या जखमेवर पांढरा झुपका आला. बाजूने टॉर्च मारला तर धागे सुटे सुटे दिसले, जवळजवळ अर्धा सेंटिमीटर लांब, फिल्टरच्या प्रवाहाबरोबर हलणारे. ओठावरच्या त्या कडेत असं काही नव्हतं. ती आखूड, कातडीला चिकटलेली, करड्या-पिवळसर झाकेची होती. झुपक्यातला एक धागा मायक्रोस्कोपखाली १०० पटीतच दिसला, जाड आणि फांद्या फुटलेला. ही सॅप्रोलेग्निया. काटेकोर बोलायचं तर हीसुद्धा बुरशी नव्हे; ‘पाणबुरशी’ म्हणतात तो वेगळ्याच गटातला जीव. ती सहसा मेलेल्या किंवा दुखावलेल्या जागीच रुजते, फलन न झालेल्या पांढऱ्या अंड्यांवर येते तशी. इथे मिथिलीन ब्लू योग्य होतं, पण तेही वेगळ्या टँकमध्ये, कारण फिल्टरमधल्या उपयोगी बॅक्टेरियांना ते मारतं. मोठ्या टँकमध्ये पहिल्या दिवशी मी नेमकं तेच टाकलं होतं, आणि नंतरचं नायट्राइट त्यानेही वाढलं असणार. एंजलचा झुपका चार दिवसांत गळून पडला.

आता पांढरं काही दिसलं की बाटली उघडण्याआधी दिवा बंद करून बाजूने टॉर्च धरतो. धागे उभे राहतात की नाही, एवढंच आधी पाहतो. दोन मिनिटं लागतात.

एकविसावा दिवस. औषधाचा कोर्स पूर्ण झाला. मध्ये बरं वाटलं म्हणून सोडला नाही. तुटक्या ओठाची मॉली अजून वेगळ्याच टँकमध्ये आहे, आणखी दोन आठवडे तिथेच राहील. तिची जाळी आणि सायफन मोठ्या टँकला लावत नाही. वापरून झाले की धुऊन पूर्ण वाळवतो. आज तिने पहिल्यांदा काचेवरचं शेवाळ खरवडून खाल्लं.