तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मॅडम, खरा गेम कधी शिकवणार?’

नागपुरात मानेवाड्याला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत शनिवार-रविवार मुलं कोडिंग शिकायला येतात, पाचवी ते दहावीची. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आलं, तेव्हापासून पालकांची चौकशीही वाढली आहे. सोडायला आलेले बाबा गाडीवर बसूनच विचारतात, “मॅडम, हे रंगीत ब्लॉक जोडणं ठीक आहे, पण ज्याच्यावर मोठे गेम बनतात ते सॉफ्टवेअर पहिल्यापासूनच का नाही शिकवत?” मोठी मुलं तेच दुसऱ्या टोकाकडून विचारतात, “मॅडम, मोठा गेम ह्याच्यातच काहून नाही बनत?”

दारात उभ्याउभ्या ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४५ अंश, आत कूलरच्या ताट्यांचा ओला वास. आठवीतली एक मुलगी स्क्रॅचमध्ये, म्हणजे त्या रंगीत ब्लॉकच्या साधनात, गेम करत होती. तिच्या घरची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, त्यामुळे गेमही संत्र्यांचाच. वरून संत्री पडतात, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकवायची, झेललं की एक गुण. दर अर्ध्या सेकंदाला एक नवं संत्रं, म्हणजे मूळ संत्र्याचा एक क्लोन, हुबेहूब प्रत. गेम छान चालायचा आणि मग अचानक आभाळ रिकामं.

“मॅडम, संत्री पडूनच नाही राहिली.”

कारण मला दिसत होतं, पण मी सांगितलं नाही. तिनं आधी टोपली तपासली, मग लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा ब्लॉक, तपासला. मग मोबाइलवर वेळ लावून पाहिली, तर दर वेळी अडीच मिनिटांच्या आसपासच संत्री थांबायची. मग तिनं ‘एकूण संत्री’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायचा डबा, केला, प्रत्येक क्लोन जन्मला की त्यात एक वाढवायचा, आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसली. आकडा ३०० वर थांबला. पुन्हा चालवलं, पुन्हा ३००.

“पण पडद्यावर तर चार-पाचच संत्री आहेत ना,” ती म्हणाली. थोडा वेळ गप्प. मग हळूच, “लपवलेली मोजून राहिला का हा?”

झेललेलं संत्रं तिनं ‘लपवा’ ब्लॉक लावून दिसेनासं केलं होतं, जमिनीवर पडलेलंही तसंच. ते दिसत नव्हतं, पण होतं. स्क्रॅचमध्ये एका प्रोजेक्टमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ३०० क्लोन राहू शकतात, आणि तिची सगळी जागा न दिसणाऱ्या संत्र्यांनी भरली होती. ‘लपवा’च्या जागी ‘हा क्लोन डिलीट करा’ लावलं आणि गेम सुरळीत झाला. डोळ्यांआड गेलेली गोष्ट मेमरीतून जात नाही, ती आपण काढावी लागते, हे तिला तेराव्या वर्षी स्वतःच्या हातानं सापडलं. हाच गेम तिनं मोठ्या गेम इंजिनात, म्हणजे बाबा विचारतात त्या सॉफ्टवेअरात, केला असता तर ३०० लपलेल्या संत्र्यांनी काहीच बिघडलं नसतं. गेम चालत राहिला असता आणि चूक तशीच आत राहिली असती.

म्हणून पालकांना मी म्हणते की मर्यादा बघून घाबरू नका. स्क्रॅचचा पडदा ४८० गुणिले ३६०चा आहे. मधोमध शून्य, उजवीकडे २४०, डावीकडे उणे २४०. उणे संख्या अजून वर्गात न शिकलेली पाचवीतली मुलं पडद्यावरची मांजर डावीकडे नेता नेता त्या वापरू लागतात. उडीसाठी दोन ब्लॉक लागतात: दर फेरीला वेग एकनं कमी करा आणि मग उंची त्या वेगाइतकी बदला. कुठल्याही मोठ्या इंजिनात गुरुत्वाकर्षणाच्या मुळाशी हीच दोन वाक्यं असतात. पण तिथं ती मुलाच्या नजरेला पडत नाहीत, कारण तयार रकान्यात एक आकडा भरला की काम होतं.

ह्या बाबतीत मी एकदा चुकले आहे. सातवीतला एक मुलगा होता. वडिलांचा आग्रह होता आणि मलाही वाटलं, मुलगा हुशार आहे, झेपेल. त्याला मी थेट एका मोठ्या इंजिनावर बसवलं. घरचा जुना, ४ जीबीचा लॅपटॉप, डाउनलोडच कित्येक जीबीचं. तीन महिने तो व्हिडिओ बघून बघून टाइप करत राहिला. पडद्यावर त्रिमितीत माणूस धावायचा, घरचे खूश. एके दिवशी मी म्हटलं, “कडेला पोचला की शत्रू मागे वळला पाहिजे, एवढं कर.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. कुठून सुरू करायचं हेच त्याला कळेना, कारण त्यातली एकही ओळ त्याची नव्हती. दोन आठवड्यांनी तो यायचा बंद झाला. त्याला परत कसं आणावं हे मला जमलं नाही, आणि ते मला अजून लागून आहे.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. पायाला चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. घरोघरी जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. त्या नंदीला औत कधी जुंपणार, असं कुणी विचारत नाही. त्याला सजवता सजवता आणि दोरी धरून गल्लीतून नेता नेता पोराच्या अंगात जे येतं, त्यासाठीच तो आहे. बराच काळ माझं उत्तर इथंच संपायचं. स्क्रॅच म्हणजे लाकडी नंदी, त्याच्याकडून नांगरणीची अपेक्षा नको.

पण ही तुलना एका जागी अडते, आणि ते मला त्याच संत्र्यांच्या मुलीनं दाखवलं. लाकडी नंदी कितीही सजवला तरी त्याचा बैल होत नाही. कोडिंगमध्ये तशी सीमा नाही. खेळता खेळता मूल कधी खऱ्या कामात शिरलं हे त्यालाही कळत नाही, आणि मग ते जे मागतं ते मोठ्या माणसाच्या मागण्याइतकंच रास्त असतं.

तिला पुढं पूर्ण बाग करायची होती. आडव्या ८ ओळी, ओळीत १२ झाडं, एकूण ९६. झाडाचं पाणी तोडून त्याला ताण दिला की मग बहार येतो, हे तिला घरूनच ठाऊक, म्हणून प्रत्येक झाडाचा ‘ताण’ मोजायचा होता. स्क्रॅचमध्ये यादी असते ती सरळ एका रांगेची, चौकटींची नाही. तिनं गणिताची चौकटीची वही काढली, ९६ घरं आखली आणि आकडे घालत बसली. तिसऱ्या ओळीतलं पाचवं झाड म्हणजे आधीच्या दोन ओळींची २४ आणि ५, एकूण २९. ओळीतून एक वजा करा, बारानं गुणा, रकाना मिळवा. सूत्र तिचं तिनं काढलं. वर, बाराव्याचा शेजारी तेरावा धरायचा नाही, कारण तेरावं झाड खालच्या ओळीच्या सुरुवातीला आहे, हेही तिच्या लक्षात आलं. इथपर्यंत तरी साधनाची तोकडी यादी तिला शिकवतच होती.

मग तिला हवा होता एक प्रश्न विचारणारा ब्लॉक: ह्या झाडाच्या शेजारी डिंक्या रोग लागलेलं झाड आहे का? आहे किंवा नाही, एवढंच उत्तर. स्क्रॅचमध्ये स्वतःचा ब्लॉक बनवता येतो, पण तो काम करतो, उत्तर परत देत नाही. म्हणून तिनं ‘उत्तर’ नावाचा एक सामायिक व्हेरिएबल केला. ब्लॉकनं त्यात लिहायचं, विचारणाऱ्यानं त्यातून वाचायचं. पण गेममधले शेतकरी आणि पाणी दोघं एकाच वेळी विचारायला आले की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती जायचं आणि धडधाकट झाड वाळायचं. दोन रविवार त्यात गेले. त्यातूनही शिकणं झालंच, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. संत्री थांबली तेव्हा चूक तिच्या विचारात होती आणि ती तिला दुरुस्त करता आली. इथं तिचा विचार बरोबर होता आणि तो मांडायला जागाच नव्हती.

माझं म्हणणं आहे ते एवढंच. मुलाच्या चुकीपाशी नेऊन उभं करणारी मर्यादा राहू द्यावी, बरोबर विचाराला अडवणारी काढावी. ‘मुलांच्या साधनात सिरियस गेम डेव्हलपमेंटची सोय हवी की नको’ असा सरसकट प्रश्न केला की ह्या दोन्ही एकाच पोत्यात जातात.

ह्या विषयातल्या जाणत्यांनी छत बंद ठेवा असं कधी म्हटलेलं नाही. १९६७ साली गणितज्ञ सेमर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली, तेव्हापासूनचा विचार असा की उंबरठा बुटका असावा आणि छत उंच, म्हणजे सुरुवात सोपी आणि पुढं जायला भरपूर वाव. पुढं अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटानं २००७ मध्ये स्क्रॅच लोकांसमोर आणलं, आणि रेस्निक यांनी त्या विचारात रुंद भिंतींची भर घातली: गेमवाल्या पोरालाही जागा आणि गोष्ट सांगणाऱ्या पोरीलाही. स्क्रॅच ८ ते १६ वर्षांसाठी आहे. आठ आणि सोळा! दुसरीतलं-तिसरीतलं पोर आणि अकरावीतला मुलगा एकाच कपाटासमोर उभे. कपाटात सगळंच मांडलं तर लहानगं गोंधळतं, काहीच नाही मांडलं तर मोठा निघून जातो.

त्यावर मार्ग आहे, आणि तो वापरातही आहे. स्क्रॅचच्या तिसऱ्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, पडद्यावर रेघा काढणारे पेनचे ब्लॉक मुख्य यादीतून काढून एक्स्टेंशनमध्ये गेले. ज्याला हवे तो कप्पा उघडून घेतो, बाकीच्यांच्या नजरेला ते येत नाहीत. उत्तर देणारा ब्लॉक, यादीच्या आत यादी, गेम जिथं सोडला तिथून पुन्हा सुरू करायची सोय, हे सगळं अशाच कप्प्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. बर्कली विद्यापीठाच्या स्नॅप ह्या साधनात पहिल्या दोन गोष्टी आजही आहेत, आणि तेही ब्लॉकच आहेत, म्हणजे अडचण ब्लॉकची नाही. टर्बोवार्पमध्ये स्क्रॅचचाच प्रोजेक्ट वेगानं चालतो, आणि क्लोनची मर्यादा हवी तर सेटिंगमधून उठवता येते. आपसूक उठलेली नसते, हे मला त्यात फार आवडतं.

आणि पुढं जायला एक दार हवं. मायक्रोसॉफ्टच्या मेककोड आर्केड ह्या गेम करायच्या साधनाचा पडदा अवघा १६० गुणिले १२०चा, रंग मोजके, पण नकाशे करायची चांगली सोय, आणि वर एक बटण. ते दाबलं की मुलाचे स्वतःचे ब्लॉक जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइप करायच्या कोडच्या भाषेत, लिहिलेले दिसतात. स्वतःचंच वाक्य दुसऱ्या लिपीत वाचल्यासारखं. इथं मुलं बराच वेळ नुसती बघत बसतात, आणि मी त्यांना बसू देते.

पालकांनी महिन्यांत उत्तर मागू नये ही विनंती. मुलाला मोठं साधन कधी द्यायचं, हे मी वयावरून किंवा इयत्तेवरून ठरवत नाही. आपल्याला काय करायचंय आणि ते इथं का जमत नाही, हे मूल मला दोन वाक्यांत सांगू शकलं की वेळ झाली. त्याआधी साधन मी एकदा देऊन पाहिलं आहे.

संत्र्यांच्या मुलीनं दिवाळीच्या सुट्टीत ते सांगितलं. मग तिच्या लॅपटॉपवर गोडो हे गेम इंजिन घेतलं. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, डाउनलोड जीबीत नाही, एमबीत होतं, आणि जुन्या मशीनसाठी त्यात ‘कम्पॅटिबिलिटी’ नावाचा हलका पर्याय आहे. मला वाटलं होतं, ती आधी त्रिमितीकडे धावेल, किंवा उत्तर परत देणारं फंक्शन लिहून दोन रविवारांचा वचपा काढेल. तिनं एक संत्रं पडद्यावर आणलं, खाली पाडलं, आणि दुसरं आणायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, इथं डिलीट कसं कराचं? लपवाचं नाही, डिलीट.”