वाघोटण खाडीतला मुक्काम

विजयदुर्ग, चैत्र कृष्ण प्रतिपदा

मुंबई-गोवा शिडाच्या बोटीने जाताना इथे दोन दिवस थांबायचं, तर आधी पंचांग उघडावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. प्रतिपदेची भरती पाऊण वाजता. हा आकडा मुंबईकडचा. दक्षिणेला पाणी थोडं आधी भरतं, म्हणून इथे बाराच्या सुमारास धरायची. ओहोटी सकाळी सहाच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी. पौर्णिमा कालच झाली, म्हणजे उधाण आहे आणि पाणी खूप आत जाणार. त्यावरून आजचा क्रम ठरतो: गिर्येची जुनी जहाजदुरुस्तीची गोदी सकाळी, किल्ला उन्हं उतरल्यावर.

नांगराची साखळी भरतीच्या पाण्यावर मोजायची. ओहोटीला चार मीटर खोली, त्यात सव्वादोन मीटर भरती आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची एक मीटर उंची मिळवली, की सव्वासात. त्याच्या पाचपट, म्हणजे छत्तीस मीटर साखळी सोडायची. खाडीचा तळ चिखलाचा असतो. नांगर टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबावं, मग इंजिन मागे चालवून तो रुतलाय का बघावं. दुपारी वायव्येचा वारा सुटतो. ओहोटीचा ओढ त्याच्या विरुद्ध असला की बोट स्वतःच्याच साखळीवर चढते आणि नांगर घसरतो. म्हणून बोटीवर एक जण राहायलाच हवा.

डिंगीची, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीची, दोरी जेट्टीला बांधताना लांब ठेवावी. भरतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत पाणी पाव भागच उतरतं, पण मधल्या दोन तासांत निम्मं, म्हणजे मीटरभराहून जास्त. दोरी आखूड असेल तर डिंगी हवेत लटकते आणि दोरी अडकवलेली कडी उपटून निघते. पाणी चढताना उलटा धोका: डिंगी जेट्टीच्या तुळयांखाली शिरते आणि वर येणाऱ्या पाण्याने चेपते. तिला मागून एक छोटा नांगर टाकून जेट्टीपासून दूर धरावं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उडी मारू नये.

गिर्येची गोदी किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर आत आहे. रिक्षाने जावं आणि पाणी तळाला असताना पोचावं. सुमारे 355 फूट लांबीची ही गोदी बरीचशी जांभ्या खडकात खोदलेली आहे. कडेला उभं राहिलं की कातळ हातभर अंतरावर दिसतो: लालसर, सच्छिद्र, आणि ओलीची रेषा जिथे थांबते तिथे काल पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. उधाणाच्या भरतीला गुराब, म्हणजे मोठी लढाऊ गलबत, आत घ्यायची, तोंड बंद करायचं, ओहोटीला तिचा तळ उघडा पडायचा. मग शंख-शिंपले खरवडून फटी बुजवायच्या. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढणाऱ्या, भरतीला मोठं जहाज आत यायला तेवढं पाणीच पुरत नाही, त्यामुळे त्या काळीही कामाचा दिवस तिथीच ठरवायची. गोदीत आता गाळ आहे. मराठा आरमाराची इतकी अस्सल खूण दुसरीकडे क्वचितच बघायला मिळते. ती गाळात जाताना बघून वाईट वाटतं.

जवळच्या रामेश्वर मंदिराची वाट खडक कापून केलीय, तीही याच फेरीत बघून घ्यावी.

किल्ल्यावर चारनंतर जावं. सोबत टॉर्च हवाच, कोठारं अंधारी आहेत. गोमुखी दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही आणि तटबंदी तिहेरी आहे. पूर्वी पूर्वेच्या बाजूलाही खंदकाचं पाणी होतं. आता तिथून रस्ता येतो. समुद्राकडच्या तटावरून 1756 चा फेब्रुवारी समजून घ्यायला सोपं जातं. तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांच्या तोफांनी एक पेटलं आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार खाक झालं. दाटीने उभ्या असलेल्या आजच्या ट्रॉलरनाही हाच धोका आहे.

‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे ग्रहण बघायला आलेल्या साहेबाचे चौथरे, दाखवताना हेलियम इथेच सापडल्याचं सांगतात. पण हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या शोधाच्या वर्षी, 1868 च्या ग्रहणात, इथे नव्हते, इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. कट्टे त्या मोहिमेच्या आठवणीत बघावेत, तेवढंही थोडं नाही.

उद्या द्वितीया, भरती पाऊण तास उशिरा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर शीड उभारायचं, म्हणून पाण्याचे कॅन आणि देवगडच्या आंब्याची पेटी आज संध्याकाळीच डिंगीतून बोटीवर न्यायची.