पाकिटावर 'वर्षभर'

कोथिंबिरीच्या बियांचं पाकीट आज उलटं करून पाहिलं, तर मागे ठळक अक्षरांत छापलेलं: "वर्षभर लावता येते."

शेजारच्या काकूंनी चष्मा सावरून वाचलं आणि म्हणाल्या, "लावता येते. टिकते असं कुठं म्हटलंय?"

दिवसभर हे वाक्य डोक्यात घोळतंय.

कारण खरंच, ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की कोथिंबीर पानांचा नाद सोडून थेट दांडा काढते, फुलावर येते. पालकाचंही तेच. लेट्यूसचं बी तर माती ३० अंशांच्या वर गेली की बहुधा रुजतच नाही. टोमॅटो, मिरची, बेझिलचा स्वभाव उलटा, त्यांना ऊब हवी. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांच्या मातीत लवकर उगवतं, गार ओल्या मातीत नुसतं पडून राहतं किंवा कुजतं. बेझिलची पानं १० अंशांच्या खाली काळी पडायला लागतात.

म्हणजे महिना विचारण्यापेक्षा मातीला विचारावं. काकू सकाळी कुंडीत बोट खुपसून अंदाज घेतात, मी थर्मामीटर लावतो. (बोट जास्त भरवशाचं, असं काकूंचं मत. वाद घालत नाही.)

गाजर, मुळा जागेवरच पेरायचे, रोप उपटून दुसरीकडे लावलं तर मूळ वाकडंतिकडं होतं, हेही प्रत्येक पाकिटावर छापलेलं नसतं. चकचकीत फोटो मात्र हमखास.

तुम्ही पेरणीची वेळ कशावरून ठरवता?