फोकस इतका हळू का लागतो? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाचं, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचं, वारं सुटलं की कॉलेजच्या नाटकवाल्या पोरांचे मला फोन सुरू होतात. मी एकांकिकांचे फोटो काढतो हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. प्रश्न ठरलेला : ‘दादा, कॅमेरा डीएसएलआर आहे, पण फोकस लागेपर्यंत प्रसंग निघून जातो. कॅमेरा बदलू का?’ शाळेच्या गॅदरिंगला लेकीचा नाच टिपायला आलेले पालकही हेच विचारतात, फक्त ‘दादा’ऐवजी ‘सर’ म्हणतात.

बदलू नका. निदान आत्ताच नको. आधी सांगा, फोटो काढताना बघता कुठे? मागच्या स्क्रीनवर, की व्ह्यूफाइंडरला डोळा लावून?

मोबाइलच्या सवयीने बरेच जण स्क्रीन लावतात आणि निम्मं दुखणं तिथेच असतं. डीएसएलआरच्या मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा तिथे ताडून पाहिल्या जातात आणि लेन्स कुठल्या दिशेला, साधारण किती फिरवायची हे कॅमेऱ्याला एका फटक्यात कळतं. लाइव्ह व्ह्यू सुरू केला, म्हणजे स्क्रीनवर बघायला लागलात, की आरसा वर जातो आणि हा सेन्सर आंधळा होतो. मग अंधारात कुलपाचं भोक शोधावं तसा कॅमेरा चाचपडायला लागतो. थोडं पुढे, अजून पुढे, अरे गेलं, परत मागे. कॅननने २०१३ साली ७०डीमध्ये ड्युअल पिक्सल, म्हणजे फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरच असं ताडून पाहणारं तंत्र, आणलं आणि त्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा स्क्रीनवरचा फोकस झटपट झाला. पण पोरांच्या हातात सहसा दिसणाऱ्या १५००डीमध्ये ते नाही. निकॉनच्या डी ३५०० आणि डी ५६०० मध्येही नाही. यातला एखादा तुमच्याकडे असेल, तर डोळा लावा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो.

डोळा लावूनही फोकस अडत असेल, तर तो कशावर धरताय ते बघा. उजेड कमी हे एक कारण झालंच, पण उजेडाइतकीच कॅमेऱ्याला कड लागते, म्हणजे गडद आणि फिकं जिथे भिडतं ती जागा. काळा पडदा, काळा कुर्ता, वरून एकच स्पॉट : अशा वेळी कुर्त्याच्या मधोमध व्ह्यूफाइंडरमधला फोकसचा ठिपका ठेवलात तर लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येणारच. तोच ठिपका गळ्याच्या काठावर न्या, भुवईवर न्या, टोपीची पांढरी कड कपाळाला टेकते तिथे न्या. कट्‌कन लागतो. नऊवारीतल्या बाईचा फोटो असेल तर मी सरळ नथ पकडतो, चमकते आणि चेहऱ्याच्या अंतरावरच असते. नुसता लाल किंवा निळा एलईडी असेल तर मात्र कठीण. आपल्याला उजेड भरपूर वाटतो, कॅमेरा गोंधळतो. प्रकाशयोजना करणाऱ्याशी दोस्ती ठेवा, दुसरं काय!

ठिपकाही मधलाच वापरा. १५००डीमध्ये नऊ ठिपके आहेत, पण त्यातला मधलाच क्रॉस प्रकारचा, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा. बाकीच्यांना एकाच दिशेच्या रेषा कळतात. मधल्यावर फोकस धरा, बटण अर्धं दाबलेलंच ठेवा आणि चौकट हलवून घ्या. कडेचाच ठिपका हवा असेल तर कॅमेरा किंचित तिरका करा, फोकस लागला की सरळ करा. सगळे ठिपके ‘ऑटो’वर सोडले तर कॅमेरा बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, आणि नाटकात ती पुढच्या रांगेतल्या काकांचं डोकं असते.

‘शटरच पडत नाही’ ही तक्रार वेगळी, पण लोक तिलाही हळू फोकसच म्हणतात. वन शॉट या फोकसच्या मोडमध्ये (निकॉनवाल्यांसाठी एएफ-एस) फोकस लागल्याशिवाय कॅमेरा क्लिक करूच देत नाही. नाचणाऱ्या मुलीसाठी एआय सर्व्हो (निकॉनवर एएफ-सी) लावा, म्हणजे बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत फोकस तिच्यामागे फिरत राहील.

आता लेन्स. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स तशी बरी असते. पन्नास मिमीची एफ १.८ लेन्स घेतली की फोकस आपोआप पळायला लागेल, असं दुकानदार सांगतात. ती जास्त प्रकाश आत घेते, त्यामुळे शटरचा वेग वाढवता येतो, हे खरं आणि नाटकासाठी मोलाचं. पण फोकसचा वेग ठरतो लेन्स फिरवणाऱ्या मोटरवर. कॅननची जुनी पन्नास घरघर करत फिरायची, २०१५ साली आलेली एसटीएम मोटरची पन्नास बरीच शांत आहे. निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचलाल, तर थांबा. तिच्यात मोटर नसते, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी ३५००, डी ५६०० मध्ये ती मोटरच नाही. ऑटोफोकस हळू सोडा, होणारच नाही. आणि भिगवणला पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनो, एफ ५.६ च्या लेन्सला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लांबचं जवळ आणायला लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवतात तो) लावलात की ती एफ ८ होते, म्हणजे प्रकाश निम्म्यावर येतो. साध्या कॅमेऱ्यांचा फोकस सेन्सर एफ ५.६ च्या पुढे भरवशाचा राहत नाही.

एवढं करूनही सुस्ती गेली नाही तर लेन्स काढून उजेडात धरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, आत बुरशीची जाळी धरते आणि सगळं चित्र धुरकट होतं. मग कड तरी कुठून दिसणार? लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तिथले सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसा, लेन्सपुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तोही काढून बघा.

नाटकवाल्यांना माझा खरा सल्ला मात्र रंगीत तालमीला या असा असतो. नायिका कुठल्या वाक्याला कुठे येऊन थांबते ते कळलं की त्या जागेवर आधीच फोकस लावायचा, मग ऑटोफोकस बंद करून मॅन्युअलवर जायचं आणि वाट बघायची. मोटर फिरणारच नाही, तर हळू कसली?

आणि कृपा करून मेनूत जाऊन फोकसला मदत करणारा दिवा बंद करा. निकॉनमध्ये समोरचा दिवा पेटतो. १५००डीसारख्या कॅमेऱ्यात फ्लॅश उघडलेला असला तर तोच फडफडतो, आणि नेमका मंचावर कुणीतरी मरत असताना.