पन्ना, केन नदी आणि बाबांचे शंभर टीएमसी

मडला, शुक्रवार रात्र

मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलात जिप्सीत बसल्या बसल्या बाबांनी गाईडला पहिला प्रश्न विचारला तो वाघाचा नव्हताच. "भैया, दौधन का बांध किधर होगा?" सकाळचे साडेसहा, तोंडातून वाफा निघतायत, वहिनीने दोन स्वेटरवर रिसॉर्टचं ब्लँकेट गुंडाळलंय आणि ह्यांचं आपलं केन नदीवर होणारं धरण. आख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली की माणूस नदी दिसल्यावर आधी भिंत कुठे बसेल ते बघतो, त्याला इलाज नाही. गाईड हसला, म्हणाला, सर पहले टायगर तो देख लीजिए.

टायगर काही दिसला नाही. रस्त्यावरच्या मातीत पगमार्क होते, अगदी ताजे, मग चितळांचे धोक्याचे कॉल सुरू झाले, चार-पाच जिप्स्या एका वळणावर जाऊन उभ्या राहिल्या, सगळे श्वास रोखून, आणि मग कॉल थांबले, वानरं परत पाला खायला लागली म्हणजे संपलंच. दादाने भाड्याने आणलेली लेन्स बॅगेत ठेवली आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोलला नाही.

मला तसं वाईट नाही वाटलं. एकतर हे जंगल ताडोबासारखं नाहीये, तिकडे बांबूमुळे नजर पोचत नाही, इथे मोकळं आहे. पठार, मग एकदम कडा, खाली दुसरं पठार, परत कडा आणि सगळ्यात खाली केन नदी. साग आहे, गवत आहे आणि करधई नावाचं बारीक पानांचं झाड जिकडेतिकडे. ह्या कड्यांच्या घळींना इथे सेहा म्हणतात. धुंधवा सेहाच्या काठावर उभं राहिलं की गिधाडं आपल्या पायाखालून उडतात, त्यांची पाठ दिसते वरून! मी आयुष्यात गिधाडाची पाठ कधी बघितली नव्हती. लांब चोचीची गिधाडं त्या कपारीत घरटी करतात, खाली पांढरे ओघळ आलेले. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली तोपर्यंत देशातली बहुतेक गिधाडं गेलेली होती, इथे ती अशी आरामात घिरट्या घालताना बघून वहिनीसुद्धा ब्लँकेटमधून बाहेर आली.

पण खरी गोष्ट गाईडने परतीच्या वाटेवर सांगितली. पन्ना 1981 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1994 मध्ये व्याघ्र प्रकल्प, आणि 2009 मध्ये इथे एकही वाघ नव्हता. शून्य. शिकारीत संपले, आणि बराच काळ कागदावर वाघ होतेच. मग बांधवगढ आणि कान्हाहून दोन वाघिणी आणल्या, त्यातली कान्हाची हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून आली, पण तोवर इथला उरलासुरला नरही गायब. म्हणून नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक नर आणला, टी-3. त्याला सोडलं आणि थोड्याच दिवसांत हा पठ्ठ्या निघाला की चालत, सरळ दक्षिणेला, पेंचच्या रोखाने! बेशुद्ध करून गाडीतून आणलेलं जनावर, त्याला रस्ता माहीत असायचं काही कारण नाही, तरी दिशा बरोबर. गावं, शेतं, नद्या, रेल्वेलाईन. हत्ती आणि वनखात्याची माणसं त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या सिग्नलवर त्याच्या मागे, जवळजवळ महिनाभर, चारशेच्या वर किलोमीटर. शेवटी बेशुद्ध करून परत आणला डिसेंबर संपता संपता. आणि मग तो राहिला. एप्रिल 2010 मध्ये टी-1 ला, म्हणजे बांधवगढच्या वाघिणीला, चार बछडे झाले, आणि आज पन्नाचे वाघ पन्नासच्या वर आहेत. बाहेरून वाघ आणायचा प्रयोग सरिस्कात आधी झाला होता, पण इतकं भरभरून यश इथेच आलं.

गाईड हे सांगताना "हमारा टी-थ्री" म्हणत होता, घरातल्या हट्टी मुलाबद्दल बोलावं तसं. बाबा पूर्ण वेळ गप्प ऐकत होते आणि शेवटी त्यांनी विचारलं, एवढं चालताना त्याने माणसाला काही केलं का? नहीं सर, किसी को नहीं. बाबांनी मान हलवली, त्यांना टी-3 आवडलाय हे मला कळलं.

हिनौता कॅम्पातली वत्सला हत्तीण जुलै 2025 मध्ये गेली हे पण कळलं. शंभरीच्या पुढची होती म्हणतात, केरळातून लाकूड ओढायच्या कामातून आलेली, म्हातारपणी नुसती पिल्लं सांभाळायची.

जेवायला बाटी आणि वांग्याचं भरीत. भरीत उत्तम. सकाळच्या पोह्यांबद्दल काही बोलत नाही, पोह्यात बडीशेप घालणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शनिवार, खजुराहो

आज धबधबे. सकाळी आधी पांडव फॉल. हायवेवरून आत वळायचं आणि मग भरपूर पायऱ्या उतरायच्या, बाबा रेलिंग धरून धरून उतरले, कुणी हात दिला तर चिडतात. जानेवारी असूनही पाणी होतं कारण हा झऱ्यांवरचा धबधबा, बारमाही. साधारण तीस मीटरवरून पडतं पण आत्ता धार बारीक, खाली हिरवं कुंड, आणि सगळ्या कातळातून पाणी झिरपतंय, थेंब थेंब, शेवाळ आणि नेचे लोंबतायत. ताम्हिणीच्या पावसाळी गर्दीची सवय असलेल्या माणसाला इथली शांतता पचायला वेळ लागतो, ना ब्लूटूथ स्पीकर, ना मॅगीची टपरी, ना कोणी शर्ट काढून सेल्फी.

कुंडामागे गुहा आहेत, पांडव वनवासात राहिलेल्या. नाशिकला राहिले, पचमढीला राहिले, इथे राहिले, बारा वर्षांत घरं शोधण्यातच गेली असणार. पण मला थांबायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. 4 सप्टेंबर 1929 ला चंद्रशेखर आझादांनी इथे क्रांतिकारकांची बैठक घेतली होती, तसं स्मारक आहे. भगतसिंग तेव्हा तुरुंगात. सप्टेंबरचा महिना, म्हणजे धबधबा फुल असणार, मग बोललेलं ऐकू कसं येत असेल एकमेकांना? कदाचित म्हणूनच ही जागा निवडली असेल, असं दादाचं मत. दादा कधी कधी बरं बोलतो.

ड्रायव्हरला पुणे म्हटल्यावर लगेच "अच्छा, पेशवा वाले!" पन्ना छत्रसालाची राजधानी. 1729 मध्ये मुघल सरदार बंगशाने त्याला जैतपूरला कोंडलं तेव्हा गजेंद्राला मगरीने धरलंय तशी माझी गत झालीय असा निरोप त्याने बाजीरावाला पाठवला म्हणतात, आणि बाजीराव धावून गेला, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण इथल्या ड्रायव्हरला पण पाठ असेल असं वाटलं नव्हतं, मस्तानीसकट सगळं सांगितलं त्याने. मग गाडी हिऱ्यांवर घसरली. इथे वर्षाला दोनशे रुपये भरून आठ बाय आठ मीटरचा तुकडा खणायला मिळतो, सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करायचा, लिलाव होतो, सरकार आपला हिस्सा कापून बाकीचे पैसे देतं. त्याच्या काकांनी कित्येक वर्षं खणलं. मिला कुछ? "मिला ना, कमरदर्द."

दुपारी रनेह धबधबा. इथे मात्र मी गार झाले. आपण सह्याद्रीतली माणसं, आपल्याला दगड म्हणजे काळा कातळ, बेसॉल्ट, एकावर एक थर. इथे केन नदीने ग्रॅनाईट कापलाय, पाचेक किलोमीटर लांब आणि तीस मीटर खोल, आणि तो दगड गुलाबी आहे! गुलाबी, लाल, राखाडी आणि मध्येच काळ्या पट्ट्या. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, हा बुंदेलखंडी ग्रॅनाईट अडीचशे कोटींच्या घरातला. म्हणजे सह्याद्री ह्याच्यापुढे कालचं पोर. पाणी आत्ता कमी, मोठ्या धारा नव्हत्या, पावसाळ्यात म्हणे हे सगळे छोटे धबधबे एक होऊन घळ भरून वाहते, पण मग दगड दिसत नाही. मला हेच बरं वाटलं. तळाशी हिरवंगार पाणी साचलेलं आणि दुपारच्या उन्हात भिंती पेटल्यासारख्या. बाबा म्हणाले, "काय फाउंडेशन आहे गं!" प्रत्येकाची दाद द्यायची पद्धत.

पुढे केन घडियाल अभयारण्य, 1985 चं, पंचेचाळीस चौरस किलोमीटर. लांबून वाळूवर एक सुसर ऊन खात पडलेली दिसली. लांब काठीसारखं तोंड, मासे सोडून काही खात नाही. दादाची लेन्स शेवटी सत्कारणी लागली. हिला वाहतं खोल पाणी आणि काठाला वाळू लागते असं तिथला गाईड म्हणाला, साठलेल्या पाण्यात जमत नाही. बाबांनी हे दोनदा विचारून घेतलं.

आणि मग धरणाचा विषय निघायचा तो निघालाच. केन-बेतवा जोडप्रकल्प, 25 डिसेंबर 2024 ला पायाभरणी झाली, 44,605 कोटींचा. दौधनला 77 मीटर उंचीचं धरण आणि बेतवापर्यंत 221 किलोमीटरचा कालवा. साधारण नऊ हजार हेक्टर बुडणार, त्यातलं निम्म्याहून जास्त व्याघ्र प्रकल्पाचं. म्हणजे काल आम्ही ज्या खोऱ्याकडे बघत होतो त्यातला बराच भाग. गाईडच्या मामाचं गाव बुडणाऱ्यांतलं. तो म्हणाला, जंगल में से हमको बोलते थे लकडी मत काटो, अब खुद लाखो पेड काटेंगे. ह्यावर आमचा ड्रायव्हर, इतका वेळ हसतखेळत बोलणारा, एकदम तडकला. त्याचं गाव छतरपूरकडे, मे महिन्यात हापसा कोरडा, निम्मं गाव दिल्लीला बांधकामावर जातं. आप लोग शेर देखके चले जाओगे, असं मला म्हणाला. मला. मी त्याला काय सांगणार होते, मी पुण्याची, चार धरणांच्या खाली राहणारी, पानशेत-वरसगावच्या खाली कोणाची घरं आहेत हे नळ सोडताना कधी डोक्यात येतं?

ट्रेन, रविवार संध्याकाळ, इटारसी गेलं

खूप वेळ वाद घालून झालाय, आता बाबा वरचा दिवा लावून तिकिटाच्या पाठीवर गणित करतायत.

वाद असा. मी म्हटलं, शून्यावरून पन्नास वाघ केले आणि आता त्यांचीच दरी बुडवायची, हे काय डोकं आहे? बाबा म्हणाले, शंभर टीएमसी, म्हणजे शंभर अब्ज घनफूट पाणी. दौधनचा साठा शंभर टीएमसीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ कोयना. आपली खडकवासला साखळी चारही धरणं मिळून एकोणतीस. बुंदेलखंडाला कोयना मिळत असेल तर तू पुण्यात बसून नको म्हणणार का? आणि कोयनेला पण लोक ओरडत होते, आज त्याच कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाने अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे 2010 पासूनचा.

मी म्हटलं बाबा, आहे ना, आणि त्यात सोडायला वाघीण ताडोबाहून आणायला लागली! प्रकल्प आहे आणि वाघ आयात.

वहिनी जोरात हसली. बाबांना राग आला, खिडकीबाहेर बघत बसले, मग बराच वेळाने स्वतःच म्हणाले की वाघाचं काही नाही गं, टी-3 सारखा असला तर चालत जाईल कुठेतरी, ती सुसर कुठे जाणार? धरणाच्या वर तिला साठलेलं पाणी, खाली कोरडी वाळू. ती रनेहची घळ पण खालच्याच अंगाला आहे. खाली किती सोडणार हे कोणी सांगितलं का आपल्याला? उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती? कुणी सांगितलं नाही. आमच्या वेळी पण खालच्या नदीसाठी असं वेगळं पाणी कोणी धरायचं नाही, पाणी म्हणजे सिंचन, पिण्याचं आणि वीज, नदी नावाचा रकानाच नव्हता तक्त्यात.

हे मी बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी काही आपलं मत बदललेलं नाहीये हां, धरण व्हायला पाहिजे हेच म्हणणं आहे, ड्रायव्हर बरोबर बोलला म्हणतात. मला अजूनही नाही पटत. बाकीची पाणी साठवायची कामं, जुने चंदेली तलाव, ते आधी नीट करून बघितलं का? बुंदेलखंडात हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी तलावांवर तलाव बांधून ठेवलेत, त्यातला गाळ काढा की. बाबा म्हणतात गाळ काढून शंभर टीएमसी होत नाही. नसेल होत.

पुणे, मंगळवार

सुसरीचा फोटो दादाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, लगेच तीन जणांनी विचारलं मगर कुठे दिसली, आणि एका काकांनी वाघ नाही का मिळाला म्हणून रडका चेहरा टाकला. कपडे धुवायला टाकलेत, सगळ्यांच्या बुटात अजून लाल माती आहे.

बाबांचा सकाळी फोन. दादाला त्या प्रकल्पाचा आख्खा अहवाल नेटवरून शोधायला लावलाय आणि प्रिंट पाहिजे, फोनवर वाचवत नाही म्हणे. मी म्हटलं बाबा, शेकडो पानं असतील. तर म्हणाले, असू देत, पाठपोट काढायला सांग, एका बाजूने काढली तर कागद वाया जातो.