हात गुंतलेले, कान मोकळे

ऑनलाईन अध्यापनावरील परिषदेला समक्ष हजर राहिले पाहिजे, ही अट वाचून मला हसू आले होते. तरीही बार्शीहून सकाळी सहाची एसटी धरून मी सोलापूर गाठले, कारण प्रमाणपत्र उपस्थितीपत्रकावरील सहीनंतरच मिळणार होते आणि प्रमाणपत्राला नको म्हणणारा प्राध्यापक अजून माझ्या पाहण्यात नाही.

बीजभाषण करणारे पाहुणे मात्र पुण्यातून पडद्यावरच येणार होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रास्ताविक यांत पाऊण तास गेल्यावर त्यांचा चेहरा भिंतीवर उमटला. सोलापुरात चादर दिल्याशिवाय पाहुण्याचा सत्कार पुरा होत नाही. म्हणून प्राचार्यांनी घडी घातलेली चादर क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरली आणि मग लॅपटॉपशेजारी अदबीने ठेवून दिली. "माझा आवाज येतोय का?" असे पाहुण्यांनी विचारताच सारे सभागृह एका सुरात "हो" म्हणाले, परंतु आमच्या बाजूचा माईक बंद असल्यामुळे ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, दर वेळी थोड्या अधिक काकुळतीने विचारत राहिले. 2020 साली हाच प्रश्न आम्ही प्रत्येकाने आपापल्या घरातून विचारलेला असल्याने हशा पिकला खरा, पण तो लगेच विरलाही.

भाषण चांगले होते. केंद्र सरकारच्या 2017 साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या ऑनलाईन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांची चार अंगे, म्हणजे दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा, त्यांनी नीट उलगडून दाखवली. पुढच्या वक्त्यांनी परितेवाडीचा विषय काढला, आणि तो निघणारच होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला आणि 10 लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात कितव्यांदाही सांगितली तरी मागच्या रांगा सरसावून बसतात.

मला जे घेऊन जायचे होते ते मात्र जेवणानंतरच्या, निम्म्या रिकाम्या खुर्च्यांच्या सत्रात मिळाले. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका प्रशालेच्या बाई शोधनिबंध वाचायला उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच परिच्छेदानंतर कागद मिटवून बोलू लागल्या. त्यांच्या वर्गातील बऱ्याच मुली विडी कामगारांच्या घरातल्या. टाळेबंदीत शाळेने सकाळी अकराचा थेट तास ठेवला, तेव्हा घरातला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशात असे, आणि मुली आईच्या शेजारी बसून पाने कापत असत. विड्यांची मजुरी हजारी मोजली जाते. त्या हिशोबात अकरा वाजण्याला काही किंमत नसते. मग बाईंनी थेट तासाचा नाद सोडला आणि दहावीचे 'गुरुत्वाकर्षण' पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यांत स्वतःच्या आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सुरुवात केली. तासाभराच्या व्हिडिओला अर्धा-पाऊण जीबी सहज लागतो, तर एवढा आवाज एका एमबीच्या आत बसतो. रात्री फोन घरी आला की मुली तो मांडीजवळ ठेवून ऐकत. "सर, हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात," असे त्या सत्राध्यक्षांना म्हणाल्या. सत्राध्यक्षांनी तेवढ्यात वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवली.

मी त्या काळात नेमका उलटा वागलो होतो. ठरल्या वेळी कॅमेरा सुरू करून बसायचे, आद्याक्षरांच्या गोल चौकटींकडे पाहत कविता शिकवायची, प्रश्न विचारायचा, आणि कोणी बोलले नाही की आपणच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतो, आणि तीन सेकंद थांबला तर मुले अधिक विस्ताराने उत्तर देतात. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हे मी स्वतः सांगितलेले आहे. पडद्यापुढे मात्र एक सेकंदाची शांतताही मला अपमानासारखी वाटे, आणि गैरहजर मुलांची नावे मी तासाच्या अखेरीस ठसक्यात वाचून दाखवत असे.

चहाच्या वेळी मी बाईंना गाठून एखादा नमुना मागितला. त्यांनी संकोचत एक ध्वनिफीत पाठवली आणि मी ती परतीच्या एसटीत, खिडकीच्या काचेचा खडखडाट चुकवत, फोन कानाला लावून ऐकली. मागे कुकरची शिट्टी होती, एका ठिकाणी कुणी तरी दार वाजवले होते. न्यूटनच्या नियमापर्यंत आल्यावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "आता हातातली विडी दोऱ्यानं बांधून घ्या, मग पुढचं सांगते." त्यानंतर बराच वेळ फितीत काहीच नव्हते, फक्त त्यांच्या घरातला पंखा फिरत होता.